मीठ धरतं

साखर पेठेत आमची लॅब. हसून घ्या, सगळेच हसतात.
पायऱ्या अकरा. सायन्ना बोद्दुल
त्या दोनदा बसून चढले.
मागं राजव्वा, हातात औषधांची पिशवी,
चादरीच्या दुकानातली, एक बंद तुटलेला.

काउंटरवर तिनं सगळं ओतलं :
साखरेची, सकाळ-संध्याकाळ, चौदा वर्षं झाली,
दाबाची पांढरी,
आणि ही बारकी, पाणी काढणारी.
"ही घेतली की मोरीकडं पळतात,
आणि रात्री पोटऱ्या अशा वळतात,
ओली लडी पिळावी तशा."

लडी तिच्या तोंडी येणारच.
अक्कलकोट रोडच्या डाय हाऊसमध्ये
एकोणतीस वर्षं रंगमास्तर होते सायन्ना.
नखांच्या कडेला निळं अजून बसलेलं.
शीर शोधताना मला आधी तेच दिसलं.

"काय बघतोस ह्याच्यात?"
"सोडियम, पोटॅशियम. क्षार."
"म्हणजे मीठच की," म्हणाले,
आणि सुई आत असतानाच मला शिकवायला लागले :
सूत नुसतं रंगात बुडवलं
तर रंग पाण्यातच हिंडतो,
सुताला ओळखसुद्धा देत नाही.
मीठ पडलं की धरतो.
एक घमेलं कमी टाक,
पहिल्या धुण्याला गिऱ्हाईक दारात.

सेंट्रिफ्यूज फिरत होतं,
दोन गल्ल्या पलीकडच्या मागासारखं.
खाली लाल बसलं, वर पिवळं नितळलं,
ते मी मशीनला पाजलं.
सोडियम एकशे चोवीस.
पुन्हा लावलं.
एकशे चोवीस.

तेव्हा राजव्वा बोलली, अगदी हळू :
परवा दोरीवरच्या हिरव्या टॉवेलला ते लाल म्हणाले.
वाद घातला. ह्यांनी! रंगावरून!
आणि दोन महिने झाले,
शेंगाचटणी ताटाच्या कडेला सारतात.
'हात बिघडला तुझा.'
दाबाच्या भीतीनं मीठ तिनं कमी केलं होतं,
भांडणाला कंटाळून वाढवलं,
मग रात्री झोप येईना म्हणून पुन्हा कमी.

मी फोन लावला. तडवळकर मॅडम म्हणाल्या,
आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा.
पाणी काढणारी बंद, ती मी बदलते.
बाकीच्या मनानं सोडू नका.
मॅग्नेशियम बघा, बी-बारा बघा.
जिभेचं म्हणाल तर जस्त कमी झालं असेल.
असेल, म्हणाल्या. आहे असं नाही.

जस्त. माझ्या छापील फॉर्मवर त्याला रकानाच नाही.
नमुना मुंबईला जातो, पैसे आधी भरावे लागतात.
राजव्वाला जस्त म्हणजे बादली.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात रक्त घ्यायला गेलो,
तर सायन्ना उठून बसलेले.
"वॅटचा निळा बघितलास कधी?
टाकीतून काढला की पिवळट, आजारी.
हवा लागली की बघता बघता निळा चढतो.
आणि तीच हवा वर्षं-दोन वर्षं लागली
की विटतो."
मी म्हणालो, आतही तसंच काहीसं चालतं, मास्तर,
श्वासानं जगायचं, श्वासानंच गंजायचं,
मधे थोडे राखणदार असतात,
साखर त्यांना दमवते.
"आणि गोळ्या?"
काही गोळ्या राखणदारांना हात देतात,
काही त्यांची शिदोरी वाहून नेतात.
शिकलेल्यांचंही अजून एकमत नाही.
"मग हिशोब ठेवायला पाहिजे कुणीतरी," म्हणाले.
"आम्ही घमेली मोजायचो."

अकराव्या दिवशी पायऱ्या चढून आले. एकदाच बसले.
एकशे सदतीस.
राजव्वानं पदराखालून स्टीलचा डबा काढला,
माझ्या तळहातावर चटणी ठेवली.
"तू सांग. मीठ?"
"बरोबर आहे."
तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही.

सायन्नांनी बोट लावलं, चाटलं,
बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिले.
"मीठ नाही कळत अजून," म्हणाले.
"तिखट कळतंय पण."

तिनं झाकण लावलं,
वर दोन थापा मारल्या, घट्ट बसावं म्हणून.
जस्ताचा रिपोर्ट यायचाय.